घड्याळाची मोड

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, पण हात धजत नव्हता. इथे वाचायला येणाऱ्यांपैकी निम्मे आमच्याच घरातले आहेत आणि मी जे सांगणार आहे त्यानं घरातली एक लाडकी गोष्ट खोटी ठरते. पण आत्याची परवानगी घेतली आहे. तेव्हा लिहितोच.

गोष्ट आमच्या बार्शीटाकळीच्या घरातल्या सोन्याच्या घड्याळाची. पणजोबांचं खिशातलं स्विस घड्याळ, पुढे झाकण असलेलं, आणि वर बटण दाबून सुरू-बंद करायचा वेगळा काटा असलेलं. क्रोनोग्राफ. गावात त्याला 'थांबतं घड्याळ' म्हणत. घरात चार पिढ्या सांगितली गेलेली गोष्ट अशी, की 1962 मध्ये चीननं हल्ला केला, तेव्हा आजोबांनी त्याचं सोन्याचं कवच काढून राष्ट्रीय संरक्षण निधीला देऊन टाकलं. यंत्र मात्र ठेवून घेतलं. का? तर आजोबा म्हणायचे, "देशाला सोनं पाहिजे होतं, वेळ नको होती." दिवाळीला सगळे जमले की हे वाक्य यायचंच, आणि आम्ही पोरं दर वर्षी नव्यानं हसायचो.

आजोबा 1984 मध्ये गेले. यंत्र कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. काही वर्षांपूर्वी वाड्याचा मागचा सोपा उतरवायला काढला, तेव्हा आजीच्या लाकडी पेटीत तिचा कुंकवाचा करंडा सापडला. त्यात कापडात गुंडाळलेलं ते यंत्र होतं. पांढरी मिन्याची तबकडी, तिला केसासारखी एक चीर, निळ्या पोलादाचे काटे. खाली सेकंदांचं छोटं वर्तुळ, वर तीस मिनिटांचं. आणि मध्ये तो लांब, बारीक, थांबता काटा.

ते घेऊन मी अकोल्याला एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चिमट्यानं एक चाक उचललं आणि मला म्हणाले, "भाऊ, हे गंज नोहे. कुंकू हाये." चाकांच्या दातांत कुंकू भरलेलं होतं. म्हणजे यंत्र जपून ठेवलं ते आजीनं. आजोबांच्या गोष्टीत आजी कुठेच नव्हती. माझ्या मनात पहिली शंका आली ती तिथे.

सर्व्हिसिंग झाल्यावर घड्याळजींनी मला ते चालवून दाखवलं. एकदा बटण दाबलं की काटा धावतो, दुसऱ्यांदा दाबलं की थांबतो, तिसऱ्यांदा दाबलं की उडी मारून शून्यावर येतो. ही उडी बदामाच्या आकाराच्या एका छोट्या चकतीमुळे जमते. चकती कुठेही असो, तिच्यावर दांडी आपटली की ती फिरून आपल्या ठरलेल्या जागी येते. अडॉल्फ निकोल या घड्याळजीनं 1844 मध्ये याचं पेटंट घेतलं. आतला बॅलन्स ताशी 18,000 ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच. म्हणून काटा सेकंदाचा पाचवा भाग मोजू शकतो, त्याहून बारीक नाही.

आता प्रश्न असा, की बार्शीटाकळीसारख्या गावात सेकंदाचा पाचवा भाग कुणाला हवा होता?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं (1861 ते 1865), तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना आणि आमच्या काळ्या मातीला एकदम भाव आला. भुसावळहून अकोल्यावरून जाणारी रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली. 1870 मध्ये खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, ते काही देवदर्शनाला नव्हे. कापसासाठी!

आणि याच सुमारास स्विस घड्याळं मुंबईत उतरत होती. फाव्र-ल्यूबा या कंपनीचा फ्रिट्झ फाव्र 1865 मध्ये हिंदुस्थानात आला. पुढे वेस्ट एंड वॉच कंपनीनं मुंबई-कलकत्त्यात असा जम बसवला, की आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांना ती कंपनी विलायतीच वाटायची. नाव इंग्रजी, घड्याळ मात्र स्वित्झर्लंडच्या सेंट इमिये गावचं. कापूस मुंबईला जायचा आणि मुंबईहून घड्याळ वऱ्हाडात यायचं. अडत्ये, दलाल, जिनिंगवाले, वकील, देशमुख... ज्याच्या हाती पैसा आला, त्याच्या कोटाच्या खिशातून साखळी लोंबू लागली.

पण घड्याळ नुसतं मिरवायला नव्हतं. वेळ ही भानगडच तेव्हा नवी होती. आपल्याकडे सूर्य डोक्यावर आला की बारा. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर चालायची. अकोल्याच्या रेखांशावरून हिशोब केला, तर स्टेशनचं घड्याळ गावच्या सूर्यापेक्षा सुमारे 13 मिनिटं पुढे होतं. मुंबईची वेळ वेगळी, ती आमच्या सूर्याच्या 17 मिनिटं मागे. 1906 पासून सगळ्या देशाची एक प्रमाणवेळ आली, ती तर आमच्या सूर्याच्या 22 मिनिटं पुढे. तेव्हा बार्शीटाकळीत रेल्वे नव्हती. कापूस बैलगाडीनं अकोल्याला न्यायचा, तिथून पुढे आगगाडी. तेरा मिनिटांच्या फरकानं गाडी चुकलेला माणूस घड्याळ विकत घेणार नाही तर काय करणार?

पणजोबा अकोल्याच्या बाजारात कापसाच्या अडतीवर होते. पहिलं महायुद्ध संपल्यावर कापसाचा भाव चढला, त्या दोन-तीन वर्षांत कधीतरी त्यांनी मुंबईहून हे घड्याळ आणलं. गाडीसाठी साधं घड्याळ पुरलं असतं. क्रोनोग्राफ आणला तो शंकरपटासाठी.

वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगतो. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. सरळ पट, हलका छकडा, बैलांची जोडी आणि वर धुरकरी. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर नावाजलेला. यात जोडीनं पट किती वेळात मारला ते मोजतात आणि निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो. वडील सांगायचे, की आसपास कुठे पट असला की पणजोबांना बोलावणं यायचं. घड्याळापायी! ते शेवटच्या झेंडीपाशी उभे राहायचे, हातात ते झाकण उघडलेलं घड्याळ. त्यांनी सांगितलेल्या आकड्यावर दोन गावं भांडायची नाहीत, असं वडील म्हणायचे. (भांडायची असतील. पण ते आम्हाला कशाला सांगतील?)

पुढे वाचताना मला एक गंमत कळली. क्रोनोग्राफ हे नाव ज्या यंत्रामुळे रूढ झालं, ते पॅरिसच्या निकोला रियुसेकनं 1821 मध्ये घोड्यांच्या शर्यतीची वेळ मोजण्यासाठी वापरलं. त्यात काट्याऐवजी शाईचा ठिपका पडायचा. म्हणजे हे यंत्र जन्मलंच मुळी जनावरं पळवण्याच्या नादातून. पॅरिसला घोडे, आमच्याकडे बैल. आमचे पणजोबा काही वेगळं करत नव्हते.

असो. आता सोन्याकडे येतो.

घड्याळात सोनं असतं ते कवचात. आतलं यंत्र पितळ, पोलाद आणि बारीक माणकं यांचं. त्याला सराफाकडे काही किंमत नाही. पण घड्याळाचा इतिहास लिहिलेला असतो तो कवचावर! स्वित्झर्लंडनं 1880 मध्ये मौल्यवान धातूंच्या तपासणीचा कायदा केला. तेव्हापासून 18 कॅरेटच्या कवचाच्या आत हेल्वेशिया देवीच्या मुखवट्याचा बारीक शिक्का मारत, 14 कॅरेटला खारीचा, चांदीला अस्वलाचा किंवा रानकोंबड्याचा. कवचावर क्रमांक असतो, त्यावरून साल लावता येतं. बाहेर मालकाची अक्षरं कोरलेली असतात. आणि सगळ्यात मला आवडणारी गोष्ट म्हणजे, दुरुस्ती करणारा प्रत्येक घड्याळजी झाकणाच्या आत सुईनं आपली खूण आणि तारीख ओरखडून ठेवतो. पन्नास वर्षं वापरलेल्या घड्याळाचं झाकण उघडलं की आत पाच-सहा माणसांच्या सह्या दिसतात.

सोनं वितळलं की हे सगळं जातं. आमच्या यंत्रावर कारखान्याचं नाव नाही, तबकडीवरही नाही. अशी पुष्कळ यंत्रं स्वित्झर्लंडात बिननावाची बनत. आमच्या घड्याळाचं नाव-गाव जे काही होतं, ते त्या कवचावर होतं.

म्हणून मी त्या कवचाच्या मागे लागलो. म्हटलं निधीला दिलं तर पावती असेल. 1962 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लोकांनी खरोखरच अंगावरचे दागिने उतरवून दिले होते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, त्या दिवसांत महाराष्ट्रात वारंच तसं होतं. आजोबांनी पावती जपली नसती असं होणं शक्य नाही. ते विहिरीच्या दोराची पावतीसुद्धा जपणारे गृहस्थ. मी त्यांच्या वह्या काढल्या. 1962 च्या वहीत निधीला 51 रुपये दिल्याची नोंद आहे. सोन्याची नाही.

मग 1963 ची वही उघडली. वैशाखात एक ओळ सापडली: 'घड्याळाची मोड, तोळे 3 मासे 4'. आणि त्याच्या खालीच, 'चि. सौ. कां. हिची एकदाणी, घडणावळ', आणि रक्कम.

आत्याचं लग्न 1963 च्या वैशाखातलं.

मी बराच वेळ वही मांडीवर घेऊन बसून राहिलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ज्या वाक्यावर आम्ही लहानपणभर हसलो, ते वाक्य आजोबांनी बनवलेलं होतं. पण मग त्या सालाचं वाचायला लागलो, तसा राग गेला.

10 जानेवारी 1963 पासून सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू झाले. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. चोरटं सोनं थांबवायचं आणि लोकांचा सोन्याचा सोस कमी करायचा, असा हेतू. 14 कॅरेटपेक्षा चोख दागिना घडवायला बंदी आली. दागिन्यांखेरीज जे सोनं असेल ते सरकारला जाहीर करायचं. देशभरात लाखो सोनारांची रोजी गेली, काहींनी जीव दिला. अशा वेळी ज्याच्या घरात लग्न, त्यानं काय करावं? शिवाय घड्याळ हा दागिना की वस्तू? आजोबांसारख्या भिडस्त माणसाला तेवढी धास्ती पुरेशी झाली असेल.

हिशोब करून बघा. 3 तोळे 4 मासे म्हणजे सुमारे 39 ग्रॅम. 18 कॅरेटमध्ये शुद्ध सोनं पाऊण भाग, म्हणजे बरोबर अडीच तोळे. एरवीसारखं 22 कॅरेटनं घडवलं असतं, तर पावणेतीन तोळ्यांचाही दागिना झाला नसता. पण 14 कॅरेटनं त्याच अडीच तोळ्यांचे सव्वाचार तोळे होतात! बाकीचं तांबं आणि चांदी. म्हणजे कायद्यानं सोन्याची चोखी कमी केली आणि आजोबांच्या हातात वजन वाढवून दिलं. 'मुलीला चार तोळ्यांची एकदाणी घातली' असं मांडवात सांगता आलं. त्या एका गोष्टीसाठी पणजोबांचं घड्याळ मुशीत गेलं.

आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. अकोल्याला असते. मी वहीचा फोटो घेऊन तिच्याकडे गेलो, पण विषय कसा काढावा ते सुचेना. तिनंच काढला.

"करंड्यातलं यंत्र सापडलं म्हंते तुले?"

"हो. आणि वहीसुद्धा सापडली, आत्या."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मले मालूम होतं रे. आईनं मले लग्नाच्या आदल्या रातीच सांगतलं होतं. तिनंच ते यंत्र सोनाराकडून मांगून आनलं. फेकून देत होता तो."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"काऊन बोलू? पोरीच्या लग्नापायी बापाचं घड्याळ मोडलं, हे बाबांनी कोन्त्या तोंडानं सांगावं? देशाले देलं म्हने, तर म्हनू द्या. देश का नाराज होनार होता?"

मग तिनं कपाटातून ती एकदाणी काढून आणली. फिकट, किंचित लालसर मणी. लग्नानंतर सासूबाई ते बघून "पितळ घातलं व्याह्यानं" असं चारचौघीत म्हणाल्या होत्या. आत्यानं ते बापाला कधी कळू दिलं नाही. म्हणजे बघा, बापानं लेकीसाठी एक गोष्ट लपवली आणि लेकीनं बापासाठी दुसरी. पुढे दोन अडचणीच्या वेळी आत्यानं एकदाणी मोडायला नेली, तर 14 कॅरेटचं म्हणून सराफानं नाक मुरडलं, भाव फारच कमी सांगितला. ती परत घेऊन आली. 22 कॅरेटचे तिचे इतर दागिने या ना त्या कारणानं गेले. हा राहिला. हलका होता म्हणून राहिला!

तेव्हापासून मला एक नाद लागला आहे. अकोला, अमरावती, खामगाव इथल्या सराफांकडे आणि जुन्या घड्याळजींकडे मी कवच नसलेली यंत्रं विचारत फिरतो. जगात स्विस सोन्याची घड्याळं जमवणारे मोठमोठे लोक आहेत. न्यूयॉर्कच्या हेन्री ग्रेव्ह्ज या धनिकासाठी पाटेक फिलिपनं 1933 मध्ये बनवून दिलेलं खिशातलं सोन्याचं घड्याळ 2014 मध्ये जिनिव्हाला लिलावात सुमारे 2 कोटी 40 लाख डॉलरला गेलं. माझ्या संग्रहात एका डब्यात आठ यंत्रं आहेत, सगळी मिळून एका चांगल्या मोबाईलच्या किमतीची नाहीत. सहा खिशातल्या घड्याळांची, दोन मनगटावरच्या क्रोनोग्राफची. त्यातल्या एकात लँडेरॉन 48 हे यंत्र आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर असली यंत्रं 18 कॅरेटच्या पत्र्यासारख्या पातळ कवचात बसवून, तबकडीवर नुसतं 'क्रोनोग्राफ स्विस' लिहून हजारोंनी विकली गेली. लोक ती घड्याळ म्हणून घेत तशीच मनगटावरचं सोनं म्हणूनही घेत. साहजिकच ती मोडलीही सोनं म्हणूनच.

आणि हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही. जानेवारी 1980 मध्ये सोनं औंसाला 850 डॉलरवर गेलं, तेव्हा अमेरिका-युरोपातसुद्धा अशी कितीतरी कवचं वितळली. भाव चढला की सोन्याचं घड्याळ आधी मरतं. चांदीचं वाचतं. सेवाग्रामच्या म्हाताऱ्याचं झेनिथचं घड्याळ चांदीचं होतं. ते 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावापर्यंत शाबूत पोचलं. आमच्या बार्शीटाकळीच्या कालंका देवीच्या हेमाडपंती देवळात शके 1098 चा, म्हणजे 1176 सालचा शिलालेख आहे. साडेआठशे वर्षं झाली, अक्षरं आहेत. कारण दगड वितळवून कुणाला काही मिळत नाही. आणि आमच्या घड्याळाच्या झाकणावरची अक्षरं पन्नास वर्षंही टिकली नाहीत.

वऱ्हाडात सोन्याची स्विस घड्याळं इतकी कमी का दिसतात, याचं उत्तर मला आता असं वाटतं. ती कापसाबरोबर आली आणि कापसाबरोबरच गेली. भाव पडला, नापिकी झाली, लग्न निघालं की घरातलं जे सोनं बायकोच्या अंगावरचं नाही ते आधी मोडायचं. पुरुषाचं एकच सोनं असायचं, घड्याळ. आजोबांनी तेच मोडलं आणि आजीच्या दागिन्यांना हात लावला नाही, हे वहीत स्पष्ट दिसतं. मग त्यांनी मनगटावर एचएमटी बांधलं आणि ते शेवटपर्यंत तिथेच होतं. मला त्यांचा हा निर्णय आता चुकीचा वाटत नाही. फक्त त्यांनी आम्हाला सांगायला हवं होतं, एवढंच.

परत निघताना मी आत्याच्या हातात यंत्र दिलं. त्याला मी साधं पितळी कवच बसवून घेतलं आहे. तिनं बटण दाबलं, काटा धावला. ती बघत राहिली, पण थांबवेना. म्हटलं, "आत्या, पुन्हा दाब, थांबेल." तर म्हणाली, "राहू दे, पयू दे थोडा."

आता तुम्हा सगळ्यांना एक विनंती. तुमच्या घरात कुणाचं असं घड्याळ असेल आणि अडचण आली, तर खुशाल मोडा. माणसांपेक्षा घड्याळ मोठं नाही. पण मोडायच्या आधी झाकण उघडा आणि आतल्या शिक्क्याचा, क्रमांकाचा, त्या ओरखड्यांचा एक फोटो काढून ठेवा. आणि सोनं कुठे गेलं ते वहीत खरं लिहा. निदान आजोबांसारखं वहीत तरी.